सांध्यांचा आजार आणि हृदयाची राखण

दिनांक ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका मानवाचे हृदय दुसऱ्या मानवाच्या छातीत बसविले. वैद्यकाच्या इतिहासातील ती अशा प्रकारची पहिलीच शस्त्रक्रिया होय. रोगी अठरा दिवस जगला; परंतु त्या दिवसापासून हृदयोपचाराचे एक नवे दालन उघडले. ही हकीकत जगजाहीर आहे. तितकीशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, ज्या हातांनी ही शस्त्रक्रिया केली त्या हातांमागे आमवात पूर्वीच लागला होता. डॉ. बर्नार्ड यांच्या या व्याधीचे निदान १९५६ मध्ये, म्हणजे त्या ऐतिहासिक दिवसाच्या अकरा वर्षे आधी झाले होते. पुढे बोटे साथ देईनाशी झाली आणि १९८३ मध्ये त्यांना शस्त्रक्रियेचे काम कायमचे थांबवावे लागले.

सांधे आणि हृदय या दोहोंची गाठ त्या एका चरित्रात योगायोगानेच पडली होती. परंतु आमवात झालेल्या सर्वसामान्य रुग्णाच्या शरीरात ही गाठ योगायोगाची नसते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. आमवाताचा रुग्ण आपल्या बोटांकडे, मनगटांकडे आणि गुडघ्यांकडे पाहत असतो. त्याच्या घरची माणसेही तिकडेच पाहत असतात. त्याच वेळी धोका मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मुकाट्याने वाढत असण्याचा संभव असतो. या धोक्याची ओळख करून देणे आणि तो टाळण्याचे मार्ग सांगणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

नेमका कोणता संधिवात?

आपल्याकडे सांधा दुखला की त्याला ‘वात’ असे एकच नाव देण्याची रीत आहे. वस्तुतः या एका नावाखाली निरनिराळे आजार वावरतात. त्यांपैकी तिघांमधील भेद ध्यानात घेणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

पहिला प्रकार वयोमानाप्रमाणे होणाऱ्या झिजेचा. गुडघ्याची वा कमरेची कूर्चा झिजते, चालताना दुखते, बसल्यावर आराम पडतो. दुसरा प्रकार संधिवाताच्या तापाचा. हा बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, घशात विशिष्ट जंतूंचा संसर्ग झाल्यानंतर दोनतीन आठवड्यांनी होतो. यात सांधे सुजतात व काही दिवसांत बरे होतात; परंतु हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. ‘सांध्यांच्या दुखण्याने हृदय बिघडते’ असे जुनी माणसे म्हणत, ते मुख्यतः या तापाविषयी.

तिसरा प्रकार म्हणजे आमवात. माधवकरांच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आढळते. इंग्रज वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये ज्या व्याधीला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले, तिला मराठीत सामान्यतः आमवात असेच म्हणतात. या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती परक्या जंतूंना सोडून स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जाते. सांध्याच्या आतील अस्तर सुजते, तेथे सतत दाह चालू राहतो आणि वेळीच आवर न घातल्यास कूर्चा व हाड पोखरले जाते. सकाळी उठल्यावर हातपाय तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहणे, दोन्ही हातांच्या बोटांचे व मनगटांचे सांधे सारखेच सुजणे, बांगडी वा अंगठी चढेनाशी होणे, धुणे पिळताना किंवा विळीवर नारळ खवताना मूठ न वळणे, ही या आजाराची परिचित लक्षणे होत.

पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा आजार दुपटीतिपटीने अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे माणसांमागे एक, असे आढळले. दोन हजार प्रौढांच्या गावात हेच प्रमाण धरल्यास दहा घरांत हा आजार असावयाचा. एवढ्या घरांत ज्याचा वावर आहे त्याला दुर्मिळ म्हणता येणार नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या सुप्रसिद्ध पाहणीतील एक निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या होत्या. आमवात असलेल्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या दुप्पट आढळले. आणि ज्यांचा आमवात दहा वर्षांहून जुना होता त्यांच्यात ते तिपटीच्या घरात गेले. पुढे २००८ मध्ये निरनिराळ्या देशांतील चोवीस अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला. त्यांतील रुग्णांची संख्या एक लाख अकरा हजारांच्या वर होती. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण आमवाताच्या रुग्णांत सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दीडपट आहे, असे त्यातून दिसून आले.

या आकड्यांनी भयभीत होण्याचे कारण नाही. दीडपट वा दुप्पट धोका म्हणजे प्रत्येक रुग्णाला झटका येणारच, असे नव्हे. तरुण, तंबाखूपासून दूर असलेल्या आणि रक्तदाब ठीक असलेल्या स्त्रीचा मूळचा धोकाच अल्प असतो; त्याची दीडपट केली तरी तो अल्पच राहतो. परंतु ज्याचे वय झाले आहे, ज्याला मधुमेह वा रक्तदाब आहे, त्याच्या बाबतीत ही दीडपट भारी पडते. यास्तव युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने अशी शिफारस केली आहे की, हृदयविकाराच्या संभाव्यतेचा हिशेब ज्या कोष्टकावरून करावयाचा त्यात आमवात धरलेला नसेल, तर येणाऱ्या आकड्याला दीडने गुणावे. एखाद्याचा दहा वर्षांतील धोका आठ टक्के निघाला, तर आमवाताच्या रुग्णासाठी तो बारा टक्के समजावा, असा याचा अर्थ.

एकच आग, दोन घरे

असे का व्हावे? याचे मुख्य उत्तर दाह या एका शब्दात आहे. सांध्यात पेटलेला दाह सांध्यापुरता मर्यादित राहत नाही. तो चेतविणारी रासायनिक द्रव्ये रक्तातून सर्व शरीरात फिरतात. रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तरावर त्यांचा परिणाम होतो. अस्तर बिघडले की त्याखाली मेदाचा थर जमू लागतो आणि जमलेला थर फुटण्याची शक्यताही वाढते. थर फुटला की तेथे रक्ताची गुठळी तयार होते, हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि झटका येतो. शेजारच्या घराला लागलेल्या आगीच्या ठिणग्या आपल्या गवताच्या छपरावर पडाव्यात, तसाच हा प्रकार आहे.

या आगीत तेल ओतणाऱ्या गोष्टीही असतात. त्यांत तंबाखूचा क्रम पहिला लागतो. धूम्रपानाने आमवात होण्याचा संभव वाढतो, झालेला आमवात अधिक उग्र होतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीही हानी होते. विडी-सिगारेट पुरुषांची, ही समजूत अपुरी आहे. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रियांचीही गणना यात केली पाहिजे, कारण तंबाखू कोणत्याही रूपाने शरीरात गेली तरी हृदयाला ती अपायकारकच ठरते. दुसरी गोष्ट हालचाल थांबण्याची. सांधे दुखतात म्हणून रुग्ण बसून राहतो, वजन व रक्तदाब वाढतो, स्नायू दुबळे होतात. तिसरी गोष्ट औषधांची. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

दोन फसव्या खुणा

आमवाताच्या रुग्णाचे हृदय तपासताना दोन गोष्टी चांगल्या जाणत्यांनाही चकवितात.

पहिली खूण रक्तातील कोलेस्टेरॉलची. सामान्यतः ते वाढलेले असले की धोका अधिक, असे समीकरण आहे. परंतु आमवाताचा दाह भरात असताना कोलेस्टेरॉल उलट खाली उतरते. अहवालातील कमी आकडा पाहून रुग्ण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तो आकडा आगीच्या तीव्रतेचा निदर्शक असू शकतो. उपचारांनी दाह आटोक्यात आल्यावर हाच आकडा थोडा वाढतो आणि रुग्ण औषधाला दोष देऊ लागतो. म्हणून आजार स्थिर असताना केलेली तपासणी अधिक विश्वसनीय मानली जाते.

दुसरी खूण वेदनेची. ती अधिक गंभीर होय. एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. पंचावन्न वर्षे वयाची गृहिणी. बारा वर्षांचा आमवात. चतुर्थीचा सण तोंडावर आलेला, घरात सामानसुमानाची आणि नेवऱ्या-मोदकांची धांदल. पहाटे तिचा डावा खांदा व जबडा दुखू लागतो, अंगाला घाम सुटतो, जिन्याच्या चार पायऱ्या चढताच दम लागतो. ‘नेहमीचेच आहे, काल काम जास्त झाले,’ असे ती म्हणते. सून मलम चोळते, मुलगा रोजची वेदनाशामक गोळी आणून देतो, आणि सर्वजण ती झोपल्याचे समाधान मानतात. यात कोणी हयगय केली असे नव्हे. गेली बारा वर्षे जे करीत आले तेच त्यांनी आपुलकीने केले. परंतु त्या दिवशी दुखणारा खांदा सांध्याचा नव्हता, हृदयाचा होता. आणि ज्या तासांत उपचार सर्वाधिक गुणकारी ठरले असते ते तास मलम चोळण्यात गेले.

हे चित्र काल्पनिक असले तरी त्यामागील सत्य काल्पनिक नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका परगण्यात आमवाताचे ६०३ रुग्ण आणि आमवात नसलेले तितकेच लोक यांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आमवाताच्या रुग्णांनी छातीत कळ येत असल्याची तक्रार इतरांपेक्षा कमी वेळा केली होती. मात्र नकळत येऊन गेलेले झटके त्यांच्यात कितीतरी अधिक होते आणि हृदय अकस्मात बंद पडून येणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. याहून लक्षणीय बाब अशी की, आमवाताचे निदान होण्यापूर्वीच्या दोन वर्षांतही त्यांच्यात झटक्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. सारांश, हृदयाची राखण आजार जुना झाल्यावर नव्हे, तर निदानाच्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे.

सांध्याची वेदना सामान्यतः तो सांधा हलविला वा दाबला की वाढते. हृदयाची वेदना चढण चढताना, ओझे उचलताना वा जड कामात उद्भवते, विश्रांतीने उतरते आणि खांदा हलविल्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. घाम, मळमळ, धाप, अनाकलनीय थकवा, छातीवर दडपण, जबड्यात, पाठीत वा हातात पसरणारे दुखणे, यांपैकी काहीही नव्याने जाणवले तर घरी निर्णय करीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून घ्यावा. आलेख निर्दोष निघाला तर गेलेली खेप व्यर्थ समजू नये.

वेदनाशामक म्हणजे उपचार नव्हे

आमवाताच्या औषधांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात आणि त्यांची गल्लत हे पुष्कळशा हानीचे कारण आहे.

पहिला वर्ग वेदनाशामकांचा. या गोळ्यांनी ठणका थांबतो, आजार थांबत नाही. शिवाय डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रोफेकॉक्सिब नावाचे एक वेदनाशामक लाखो लोकांच्या वापरात होते. त्यामुळे झटक्याचे प्रमाण वाढत असल्याचे आढळल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन घेतल्यास ॲस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. दुकानातून परस्पर गोळ्या आणून महिनोन्महिने घेण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

दुसरा वर्ग स्टिरॉइडांचा. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचा प्रयोग केला तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. त्या कार्यासाठी १९५० मध्ये त्यांना इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि लवकरच या औषधाची दुसरी बाजूही दिसून आली. दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील साखर, रक्तदाब व वजन वाढते. म्हणजे हृदयविकाराला पूरक अशी सर्व सामग्री जमते. म्हणून हे औषध लागेल तेवढेच, थोड्यात थोडे आणि शक्य तितके अल्पकाळ द्यावे, असा संकेत आहे. मात्र चालू असलेले स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते. त्याचप्रमाणे, ‘एका पुडीत वात नाहीसा’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे. अशा काही चूर्णांत स्टिरॉइड गुपचूप मिसळलेले आढळले आहे.

तिसरा वर्ग खऱ्या उपचाराचा, म्हणजे मूळ दाह आटोक्यात आणणाऱ्या औषधांचा. मेथोट्रेक्सेट हे त्यांतील प्रमुख. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १२४० रुग्णांपैकी ज्यांनी हे औषध घेतले त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या मानाने बरेच कमी आढळले. याउलट, आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना हेच औषध अल्प मात्रेत देऊन पाहिले असता काही लाभ झाला नाही. यावरून असा अर्थ निघतो की, हे हृदयाचे सरसकट औषध नव्हे; आमवाताची आग विझली की तिची झळ हृदयाला कमी पोहोचत असावी.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. यास्तव वार ठरवून तो दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा, सोबत सांगितलेले फॉलिक आम्ल घ्यावे व रक्ततपासण्या चुकवू नयेत. गर्भवती स्त्रियांना हे औषध वर्ज्य आहे. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांविषयीही २०२१ मध्ये इशारा देण्यात आला. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा एखादा धोका आधीच असलेल्या रुग्णांत त्यांच्यामुळे झटक्यासारख्या घटना अधिक आढळल्या आहेत. आपला किंवा आपल्या घराण्याचा हृदयविकाराचा पूर्वेतिहास डॉक्टरांना आपणहून सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रुग्णाचे आणि कुटुंबाचे कर्तव्य

पुढील गोष्टी कोणत्याही घराच्या आवाक्यातील आहेत. आमवाताचे निदान होताच रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. हृदयाच्या धोक्याचा हिशेब किमान दर पाच वर्षांनी आणि उपचारांत मोठा बदल झाल्यावर पुन्हा करावा, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत मोजावा. तंबाखू सर्व रूपांत सोडावी. सुकी मासळी, लोणची, पापड यांतील मिठाला आवर घालावा. भाज्या, फळे, कडधान्ये आणि ताजी मासळी यांना ताटात अधिक जागा द्यावी.

सांधे सुजलेले असताना त्यांना विश्रांती द्यावी. पण सूज ओसरताच चालणे सुरू करावे. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. हळूहळू वाढवीत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत मजल गाठता आली तर उत्तमच. चालण्याने सांधे झिजतात ही समजूत चुकीची आहे.

कुटुंबीयांवरही एक जबाबदारी येते. हा आजार मुख्यतः स्त्रियांचा, आणि घरातील स्त्री आपले दुखणे सर्वांच्या जेवणानंतर सांगते, नाहीतर सांगतच नाही. पतीची तपासणी ठरल्या दिवशी होते. तिची मात्र सणावर, परीक्षेवर, पाहुण्यांवर लोटली जाते. तिच्या तपासणीची तारीख घरातील दुसऱ्या कोणी लक्षात ठेवावी आणि तिच्यासोबत जावे. एवढ्या लहान गोष्टीनेही पुष्कळ अनर्थ टळू शकेल.

श्रोतेहो, डॉ. बर्नार्ड यांच्या हातांना आमवात जडला त्या काळी या व्याधीवर दाह खऱ्या अर्थाने रोखणारे उपाय थोडेच होते. आज ते उपलब्ध आहेत. आणि निदान लवकर होऊन उपचार वेळेवर सुरू झाले तर बोटांची वाकडी वाढ आणि हृदयावरील संकट, या दोहोंनाही बऱ्याच अंशी आळा घालता येतो. बोटांची सूज दिसते, म्हणून तिची चिंता होते. हृदयाची झीज दिसत नाही. म्हणून तर तिची विचारपूस मुद्दाम करावी लागते. आमवाताच्या रुग्णाने पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे बसताना हात पुढे करावेत, आणि त्याबरोबर ‘माझ्या हृदयाचे कसे आहे?’ हा प्रश्नही अवश्य विचारावा.